दोनदा पडणारा गिअर

बाबांच्या मोटरसायकलचा गिअर दोनदा पडायचा. पहिल्यांदा दाबला की नुसतं 'कट्', म्हणजे काहीच नाही, दांडा आपला एकटाच फिरायचा. मग पायाच्या बोटांनी दांडा जरा वर उचलायचा आणि पुन्हा दाबायचा. तेव्हा कुठे 'खट्' व्हायचं आणि गिअर पडायचा.

गिअरचा दांडा ज्या लोखंडी शाफ्टवर बसतो, त्या शाफ्टच्या टोकाला बारीक दाते असतात. ते झिजले की दांडा घसरतो. शाफ्ट बदलायचा तर इंजिनाची एक बाजू उघडावी लागते, अर्ध्या दिवसाचं काम. चाळीस वर्षं लोकांच्या गाड्यांचे शाफ्ट बदलणाऱ्या माणसाने स्वतःच्या गाडीचा मात्र बदलला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्या गॅरेजात कायमचा मुक्कामाला होता. बाबा रिकाम्या डब्याचा पत्रा कापायचे, त्याच्या पट्ट्या दांड्याच्या भोकात हातोडीने ठोकून बसवायचे आणि पुढचा महिना ढकलायचे. मी काही बोललो की म्हणायचे, "चालतंय ना? मग तुझ्या पोटात का दुखतंय?"

माझ्या पोटात दुखायचं, कारण मीही मेकॅनिक आहे. शेहेचाळीस वर्षांचा आहे, डोक्यावरचे निम्मे केस गेले आहेत, आणि घरात मला अजून 'बारक्या' म्हणतात. बाबांच्या हाताखाली शिकलो आणि त्यांच्या हाताखालीच राहिलो. "तुझ्या हाताला घाई आहे," हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा ऐकलं त्याला गणतीच नाही. शाबासकी एकदाही नाही.

गेल्या वर्षी बाबा गेले. गॅरेजातच, स्टुलावर बसल्या बसल्या, हातात पाना. मी पलीकडे एका गाडीची साखळी घट्ट करत होतो. त्यांना हाक मारली, "बाबा, जरा बॅटरी धरा," आणि ते हलले नाहीत. मी चिडून दुसऱ्यांदा हाक मारली. चिडून मारली, हे अजून जात नाही मनातून.

आता आईचं सांगतो. आईची नजर सहा वर्षांपूर्वी गेली. ऑपरेशन झालं, पण ते काही लागू पडलं नाही. उजेड आणि अंधार, एवढंच तिला कळतं. दोन वर्षांपासून आठवणही जायला लागली. जुनं सगळं लख्ख, सकाळचं संध्याकाळी पुसलेलं. बाबा गेले तेव्हा ताईने आणि मी तिला सांगितलं. ती रडली, जमिनीवर बसून रडली. संध्याकाळी खिडकीपाशी जाऊन विचारते, "अजून कसे आले नाहीत हे?" पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच रडणं, जसं काही पहिल्यांदाच ऐकतेय. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी ताई मला स्वयंपाकघरात ओढून घेऊन गेली आणि म्हणाली, "बस झालं. आता तिला कोणी काही सांगायचं नाही. एका माणसाला किती वेळा विधवा करणार आपण?"

ताई माझी मोठी बहीण. लग्न केलं नाही तिने, शाळेत शिकवायची, आता घरी आईला सांभाळते. तिचा शब्द मोडायची माझी टाप नाही.

पण न सांगून निभायचं कसं? आई खिडकीपाशी बसून राहायची. ताट पुढे ठेवलं की बाजूला सरकवायची. "हे आल्याशिवाय कधी जेवले आहे का मी?" दोन दिवस नुसत्या दुधावर होती. तिसऱ्या दिवशी माझी स्कूटर पंक्चर झाली, म्हणून मी बाबांची मोटरसायकल घेऊन घरी आलो. आमच्या घराआधी एक काटकोनात वळण आहे आणि लगेच चढ. तिथे दुसऱ्यावरून पहिला गिअर टाकावाच लागतो. मी दाबला. कट्. उचलला, पुन्हा दाबला. खट्. वर जाऊन पाहतो तर आईचा चेहरा उजळलेला. ताईला म्हणत होती, "आले बघ. वाढ आता."

त्या दिवशी ती पोटभर जेवली.

त्यानंतर अकरा महिने मी रोज संध्याकाळी सात वाजता माझा बाप होऊन घरी येत होतो. फार काही करावं लागायचं नाही. हाताला ग्रीसचा वास होताच. बाबा मुळात तोंड उघडायचेच नाहीत, त्यामुळे 'हं' एवढा एक शब्द पाठ असला की नाटक उभं राहायचं. घसा खाकरायचा, मोरीत हात धुवायचे, खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीत बसायचं. जेवली की आई झोपायची, आणि सकाळी मी तिच्यासमोर न जाताच गॅरेजला निघायचो.

"अहो, उशीर केलात."

"हं."

"बारक्या कुठाय?"

"येईल."

मग आई ताईला सांगायची, "बारक्याचं ताट झाकून ठेव गं. उपाशी येईल पोरगं." ताई खरंच एक ताट वाढून झाकायची, कारण आई हाताने चाचपून बघायची. मी बाबांच्या ताटात जेवायचो आणि समोर माझं ताट झाकलेलं असायचं. पहिल्या आठवड्यात ताई आणि मी यावर तोंड दाबून हसलो होतो. नंतर हसू येईना.

एकदा आई मध्येच म्हणाली, "आज पुन्हा बोललात का त्याला?"

"हं."

"नका हो बोलत जाऊ. हात चांगला आहे त्याचा. तुम्हीच म्हणता ना मला, पोराचा हात माझ्यापेक्षा हलका आहे म्हणून. मग त्याला एकदा तोंडावर सांगितलंत तर काय जीभ झडेल?"

माझ्या तोंडात घास होता.  जे ऐकायला मी तीस वर्षं जीव टाकला, ते मला बाबांच्या खुर्चीत बसून ऐकावं लागलं, आणि वर 'हं' म्हणावं लागलं.

तर असं चाललं होतं. पण झिजलेला शाफ्ट झिजतच जातो, त्याला आमच्या घराशी काही देणंघेणं नाही. दोनदा पडणारा गिअर तीनदा, चारदा पडायला लागला. पत्र्याच्या पट्ट्या आठवड्यात खलास होऊ लागल्या. एकदा भर चौकात गाडी गिअरमध्ये जाईचना. मागे बस, बसचा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला, आणि मी वेड्यासारखा पाय आपटतोय. कोपऱ्यावरचा टायरवाला ओरडला, "काय मेकॅनिक, स्वतःची गाडी कुणाकडे देता दुरुस्तीला?" सगळे हसले. मी गाडी ढकलत बाजूला घेतली. 

त्याच दिवशी मी पार्टवाल्याकडे गेलो. म्हातारा आहे, बाबांचा दोस्त. एवढ्या जुन्या गाडीचा शाफ्ट आता कंपनी बनवत नाही. त्याने तीन आठवडे इकडेतिकडे फोन केले. कुठेच मिळेना. चौथ्या आठवड्यात मला बघून तो कपाळावर हात मारून घेत म्हणाला, "अरे, माझं डोकं बघ. तुझ्या वडिलांनी नेलाय की माझ्याकडून! शेवटचा नग होता. पाच-सहा वर्षं झाली असतील."

"बसवला नाही त्यांनी."

"मग असेल की तुमच्याच गॅरेजात. काखेत कळसा अन् गावाला वळसा तुझा."

खरंच होता. बाबांच्या टेबलाच्या खालच्या खणात, फुटक्या चष्म्याच्या आणि जुन्या पावत्यांच्या मागे, तेलकट कागदात गुंडाळलेला. कोरा करकरीत. मी बोट फिरवलं तर दाते बोटाला टोचले. आणि मला असा संताप आला म्हणून सांगू! नवा पार्ट घरात ठेवून हा माणूस सहा वर्षं पत्रे ठोकत बसला. आळस म्हणावा, हट्ट म्हणावा की काय म्हणावं? मेल्यावरही मला रस्त्यात पाय आपटायला लावलं.

ताईला म्हटलं, "या सुट्टीला शाफ्ट बदलतो."

तिने हातातलं काम थांबवलं. "आवाज तसाच राहील ना?"

"राहील."

हे मी तिला सांगितलं. डोळ्यात डोळे घालून सांगितलं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. कोणता आवाज कोणत्या पार्टचा हे ज्याला कळत नाही त्याने गॅरेजला कुलूप लावावं. मला पक्कं माहीत होतं की नवा शाफ्ट बसला की गिअर एका दाबात पडणार, आणि बाबा परत घरी येणार नाहीत. तरी बदलला. गाडी धोक्याची झाली होती, हे एक कारण. लोक हसत होते, हे दुसरं. तिसरं कारण मी कुणाला सांगितलेलं नाही. मला एकदा तरी बारक्या होऊन घरी यायचं होतं. ते झाकलेलं ताट मला उघडायचं होतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी गाडी स्टँडवर घेतली. तेल काढलं, ते काळं डांबर झालं होतं. उजव्या बाजूची किक काढली, झाकण उघडलं, क्लचच्या प्लेटा एकेक करून कागदावर मांडल्या, मग क्लचचा डबा बाहेर घेतला. त्याच्यामागे शाफ्टचं मूळ दिसलं. उजव्या बाजूने ओढला की तो पूर्ण बाहेर यायला हवा. पण डाव्या टोकावरचा दांडा सुटेना. बोल्टचं डोकं गोल झालेलं, आत पत्र्यावर पत्रा ठोकलेला, आणि हातोडीचे घाव खाऊन खाऊन शाफ्टचं टोक फुलून आलेलं. दांडा जागेवर फिरत होता, पण बाहेर येत नव्हता. मी तेल सोडलं, दांडा ओढून काढायचा पुलर लावला, शिव्या दिल्या. दुपारचे दोन वाजले.

बाबा असते तर म्हणाले असते, तेल मुरू दे, उद्या बघू. मी ग्राइंडर उचलला आणि शाफ्टचं टोक कापून टाकलं. ठिणग्या उडाल्या, दोन मिनिटांत काम झालं. दांडा, पत्रे आणि बोटभर शाफ्ट असं सगळं एका गठ्ठ्यात खाली पडलं. उरलेला शाफ्ट पलीकडून अलगद बाहेर आला. माझ्या हाताला घाई आहे, ते खोटं नाही.

नवा शाफ्ट तेल लावून आत सरकवला. सील नवं, पॅकिंग नवं. भंगारातून एक धड दांडा शोधून बसवला. पाच वाजता गाडी सुरू केली. पहिला, दुसरा, तिसरा. लोण्यातून सुरी जावी तसे गिअर पडत होते. मी एकटाच गॅरेजात उभा राहून हसलो. मला वाटलं, आत्ता म्हातारा असता तर त्याला सुद्धा मानावं लागलं असतं.

सात वाजता वळणावर आलो. दाबला. काही ऐकूच आलं नाही. गाडी गुपचूप चढ चढली.

वर गेलो तर ताई दारातच उभी. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की तिनेही कान लावले होते. ती बाजूला झाली. मी घसा खाकरला, हात धुतले, खुर्चीत बसलो. सवय.

"कोण आहे?" आईने विचारलं.

"हं."

"हं काय? कोण आहे?"

ताई घाईने म्हणाली, "अगं आई, बाबा आलेत ना."

"हे आले असते तर मला कळलं नसतं का?" आईने मान वळवली, कान माझ्याकडे केला.  मग तिने विचारलं, "बारक्या, तू आहेस का रे?"

अकरा महिन्यांनी. मला वाटलं होतं मला बरं वाटेल.

"हो आई. मीच आहे."

"मग यांच्या खुर्चीत काय बसलास? ये इकडे." मी जाऊन तिच्या पायाशी बसलो. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, टकलावर जरा थबकली. "गाडीचा आवाज आला खाली. त्यांचीच गाडी ना?"

"हो."

"मग गिअर कसा वाजला नाही?"

"शाफ्ट बदलला आई. खूप झिजला होता. बाबांनीच आणून ठेवलेला सापडला, तो बसवला."

 आई अगदी सावकाश म्हणाली, "माझी नजर गेली ना, त्याच महिन्यात आणला होता त्यांनी तो. म्हणाले, सुट्टीला बसवतो. मीच म्हटलं, नका बसवू. समोर उभं राहिलेलं माणूस मला दिसत नाही, निदान येताना तरी कळू दे. वळणावर ते कटखट झालं की मी चहाचं पाणी ठेवते, तुम्ही दारात येईपर्यंत उकळतं. तर म्हणाले, बरं, नाही बसवत. म्हणाले, मी असेपर्यंत त्याला कोणी हात लावणार नाही." ती हसली. "पत्रे ठोकून ठोकून हाताला घट्टे पडले त्यांच्या. पण शब्द पाळला."

 सहा वर्षं मी त्या माणसाला आळशी म्हणत होतो.

आईचा हात माझ्या डोक्यावर थांबला.

"मग तुला कसा बदलू दिला त्यांनी?"

मी ताईकडे पाहिलं. तिने तोंडावर पदर धरला होता.

"बारक्या, त्यांनी तुला बदलू दिला?"

"नाही आई."

"ते असते तर दिला नसता," आई म्हणाली. हे ती मला सांगत नव्हती. एकेक शब्द स्वतःशी ठेवून बघत होती. "म्हणजे ते नाहीत."

मला खोटं बोलता आलं असतं. अकरा महिने बोललो होतो. त्या दिवशी नाही बोललो. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि लहान पोरासारखा हमसून रडलो. बाबा गेले त्या दिवशी मी रडलो नव्हतो, माणसं बोलवायची होती, लाकूडफाटा बघायचा होता. ते सगळं त्या संध्याकाळी आलं. आई मात्र या वेळी ओरडून रडली नाही. तिच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं आणि हात माझ्या पाठीवर फिरत होता.

"कधी गेले?"

"अकरा महिने झाले."

"मग मी जेवत होते कशी? कोण येत होतं?"

"मी."

तिने माझा हात हातात घेतला, बोटं चाचपली, नखांतलं ग्रीस चाचपलं. बराच वेळ. मग तिने विचारलं, "आणि बारक्याचं ताट झाकून ठेवायला मी रोज सांगतच असेन, ते कोण जेवत होतं?"

कोणीच नाही, असं मला म्हणवलं नाही. ताईच उठली. तिने ते ताट आणून माझ्यापुढे ठेवलं आणि वरचं झाकण काढलं. आई म्हणाली, "जेव. मी बसले आहे."

त्या घासाची चव मला आठवत नाही.

सकाळी उठल्यावर आईने ताईला विचारलं, "हे गेले का गॅरेजला?" म्हणजे सगळं पुसलं होतं. ताई जिन्यात येऊन मला म्हणाली, "जुना बसव परत. आजच्या आज." मी खिशातून, दांड्यापासून ठोकून सोडवलेला तो तुकडा काढून तिच्या हातावर ठेवला. बोटभर शाफ्ट, फुललेलं टोक, त्यात अडकलेला पत्रा. पत्र्यावर कुठल्याशा डब्याची निळी अक्षरं अजून दिसत होती. ताईने तो मुठीत धरला आणि आत गेली.

तरी मी प्रयत्न केले. नव्या दांड्याचा बोल्ट सैल करून पाहिला, दांडा घसरत नाही, नुसता खुळखुळतो. भंगारवाल्यांकडे झिजलेला शाफ्ट शोधला. नवा शोधताना वेड लागायची पाळी आली होती, जुना शोधताना लागलंच. एक मिळाला, तो घसरतो, पण त्याचा आवाज वेगळा आहे. आई म्हणाली, "कुणाची गाडी आली गं खाली?" मी तो काढून पुन्हा नवा बसवला.

आता रोज सातला मी घरी येतो. गिअर एका दाबात पडतो. आई विचारते, कोण आहे, आणि मी म्हणतो, मी आहे, बारक्या. मग ती गाडीचं विचारते, शाफ्टचं विचारते, आणि रोज त्याच ठिकाणी येऊन थांबते. "त्यांनी तुला बदलू दिला?" काही दिवशी मी आधीच विषय बदलून बघतो, पण ती फिरून तिथेच येते, तिचं डोकं अजून तेवढं पक्कं आहे. काही दिवशी फार रडते, काही दिवशी कमी.

मात्र एक आहे, ती उपाशी राहत नाही. डोळे पुसते आणि ताईला हाक मारते, "बारक्याचं ताट आण गं." ते माझ्यापुढे आलं की आधी हाताने चाचपून बघते, सगळं वाढलंय ना. मग स्वतःचं ताट जवळ ओढते आणि म्हणते, "बाप नसलेलं पोर आहे, त्याला एकट्याला कसं जेवू देऊ?"